पिंग मारून बघ: एका रात्रीत लिहिलेल्या कमांडची गोष्ट

लोकलच्या गर्दीत इअरफोन लावूनही ज्यांना धड ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही देतोय. बोलताना जिथे अडखळलो होतो तिथे जरा सरळ केलंय. बाकी जसं बोललो तसंच.

आमच्या ऑफिसात एचआरपासून ॲडमिनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एक शब्द असतो. "दुपारी मला पिंग कर." "त्याला पिंग केलंय, अजून रिप्लाय नाही." म्हणजे काय, तर मेसेज टाक. पण आमच्यासारखे जे सर्व्हर सांभाळतात, किंवा रात्री-अपरात्री ते सांभाळायची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठी पिंग ही खरीखुरी कमांड आहे. काळी खिडकी उघडायची, पिंग लिहायचं, पुढे समोरच्या मशीनचा पत्ता आणि एंटर. काहीही बंद पडलं की हात आपोआप आधी तिकडेच जातो. डॉक्टर आधी नाडी धरतो ना, तसं.

ही कमांड एका माणसाने एका रात्रीत लिहिली. आणि गंमत अशी की ज्या बिघाडासाठी लिहिली, तो शोधायला ती उपयोगी पडलीच नाही. आज ती गोष्ट. आणि शेवटी माझी एक चूकही सांगणार आहे. ती सांगायची म्हणूनच खरं तर हा भाग करायला घेतला.

आधी पिंग म्हणजे काय ते, ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी. तुम्हाला मिस्ड कॉलचा जमाना आठवतो का? मी शाळेत होतो तेव्हा बॅलन्स फार जपून वापरायचा असायचा. एसटीत बसताना आई सांगायची, "पोचलास की मिस्ड कॉल दे." मी पोचल्यावर एक रिंग द्यायचो आणि कट करायचो. मग तिकडून आईची एक रिंग यायची, कट. तुझा मिळाला, माझाही मिळाला. एक शब्द बोललो नाही, एक पैसा गेला नाही, पण दोन्हीकडचा जीव भांड्यात. पिंग हेच करतं. एक छोटंसं पाकीट पाठवतं: आहेस का रे? समोरचं मशीन तेच पाकीट परत पाठवतं: आहे. आणि जायला-यायला मिळून किती वेळ लागला तो आकडा पिंग तुम्हाला दाखवतं. बस्स.

आता १९८३ सालात जाऊ.

त्या वर्षीच्या १ जानेवारीला अर्पानेट या अमेरिकन नेटवर्कने आपली जुनी भाषा टाकली आणि टीसीपी-आयपी ही नवी भाषा घेतली. आज तुमचा फोन जी बोलतो, तीच ही भाषा. म्हणजे इंटरनेट नावाचं बाळ तेव्हा जेमतेम रांगत होतं. त्यात सतत काही ना काही बिघडायचं आणि बिघाड कुठे आहे हे कळायला धड साधनं नव्हती. समोरच्या मशीनवर लॉगिन करून बघायचं. झालं तर झालं. नाही झालं तर दोष आपल्या मशीनचा, केबलचा, मधल्या गेटवेचा की समोरच्याचा, हे ज्याने त्याने अंदाजाने ठरवायचं.

मेरीलँड राज्यात ॲबर्डीन प्रूव्हिंग ग्राउंड नावाचं अमेरिकन लष्कराचं मोठं आवार आहे. तिथे बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरी होती. तोफगोळे कुठे जाऊन पडतील याचं गणित करणारी ही लॅब. एनिॲक हा सुरुवातीच्या काळातला प्रसिद्ध कॉम्प्युटर याच लॅबच्या गणितांसाठी बांधला गेला होता. तिथे माइक म्यूस नावाचा एक प्रोग्रामर होता. डिसेंबर १९८३ मध्ये वय पंचवीस. माझ्यापेक्षाही लहान, हे लिहिताना मला थोडं लागतंच.

त्याच वर्षी जुलैत नॉर्वेमध्ये नेटवर्कवाल्यांची एक बैठक झाली होती. तिथे डेव्ह मिल्स नावाच्या शास्त्रज्ञाने सांगितलं की तो आपल्या छोट्या मशीनवरून एको पाकिटं पाठवतो, त्यांना परत यायला लागणारा वेळ मोजतो आणि त्यावरून रस्त्याचा अंदाज घेतो. हे मिल्स म्हणजे ज्यांनी पुढे एनटीपी बनवलं ते. तुमच्या लॅपटॉपचं घड्याळ आपोआप बरोबर असतं ना, त्यामागे त्यांचं काम आहे. २०२४ च्या जानेवारीत ते गेले. एको पाकिटाचा नियम मात्र त्याच्याही आधीचा. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आयसीएमपी नावाचा नियमांचा मसुदा लिहिला. त्यात असं होतं की एको आलं की त्यातला मजकूर जसाच्या तसा परत पाठवायचा. म्हणजे आहेस का असं विचारायची सोय भाषेतच होती. फक्त कोणीही उठावं आणि विचारावं असं हातात मावणारं हत्यार नव्हतं.

डिसेंबरातल्या एका दिवशी म्यूसच्या लॅबचं नेटवर्क विचित्र वागायला लागलं. त्याला मिल्स यांचं बोलणं आठवलं. म्हणाला, चला, लिहूनच टाकू. त्याने भराभर प्रोग्राम लिहिला. कंपाइल झाला. चालवला, तर काहीच होईना. का? कारण असं पाकीट थेट पाठवायचं तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, तशी परवानगी द्यावी लागते. आणि त्यांच्या युनिक्सच्या कर्नलमध्ये ती सोयच नव्हती.

इथे मी असतो तर "ब्लॉक्ड" असं लिहून तिकीट पुढे ढकललं असतं आणि चहा प्यायला गेलो असतो. म्यूस चिडला. चिडून त्याने कर्नलच उघडला आणि ती सोय स्वतः लिहून घातली. पहाट व्हायच्या आत सगळं चालू.

आणि तोवर काय झालं होतं? चक केनेडी नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने हार्डवेअरमधला दोष शोधून दुरुस्तही करून टाकला होता. म्यूसचं पहिलं पिंग जायच्या आधीच नेटवर्क ठणठणीत. हे आपल्याला कसं माहीत? म्यूसने स्वतःच लिहून ठेवलंय, केनेडीचं नाव घेऊन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पिंग हे नाव पाणबुडीवरून आलं. सोनार पाण्यात आवाज सोडतं आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे, किती लांब आहे ते कळतं. म्यूसने कॉलेजात सोनार आणि रडारवर काम केलं होतं, त्यामुळे नाव आपोआप सुचलं. मिल्स यांनी नंतर त्या चार अक्षरांचं एक लांबलचक पूर्ण रूपही बनवलं, पण ते मागाहून. म्यूसच्या डोक्यात फक्त तो आवाज होता.

मूळ प्रोग्राम साधारण हजार ओळींचा. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. पाकीट पाठवलं ती वेळ कुठेतरी लिहून ठेवायला नको का? म्यूसने ती पाकिटातच लिहून टाकली. समोरचा मजकूर जसाच्या तसा परत पाठवणार, हा नियमच आहे. म्हणजे पाकीट परत आलं की त्याच्यातच निघाल्याची वेळ असते. आत्ताच्या वेळेतून ती वजा करायची. आपल्याला काहीच लक्षात ठेवायला नको. पाहुण्याच्या हातावरच घरातून निघाल्याची वेळ लिहून द्यावी, तसं.

बर्कलीच्या लोकांनी हा कोड आणि कर्नलमधले बदल मागून घेतले आणि ते त्यांच्या युनिक्सचा भाग झाले. तिथून ही कमांड सगळीकडे पसरली. विंडोजमध्येही आली. नंतर म्यूसने लिहिलंय की हीच आपली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट ठरणार हे आधी माहीत असतं, तर अजून एक-दोन दिवस देऊन त्यात चार जास्तीच्या सोयी घातल्या असत्या.

पिंगची एक गोष्ट म्यूसला कोणीतरी एका परिषदेत सांगितली होती. एका ॲडमिनच्या इमारतीत नेटवर्क मधूनच जायचं, मधूनच यायचं. कुठला तरी कनेक्टर ढिला, पण कुठला? त्याने पिंगचं आउटपुट आवाज काढणाऱ्या प्रोग्रामला जोडलं, तो ऑफिसातल्या स्टिरिओला जोडला आणि आवाज मोठा केला. पाकीट परत आलं की स्पीकर म्हणणार, "पिंग". मग तो इमारतभर फिरत एकेक कनेक्टर हलवत बसला. पिंग, पिंग, पिंग... आणि एका ठिकाणी शांतता. सापडला! लाइट गेल्यावर एकाने मेन स्विचपाशी उभं राहायचं आणि दुसऱ्याने आतून ओरडायचं, "आली... गेली... आली!" आपल्याकडे प्रत्येक घरात हे झालेलं आहे. तोच प्रकार.

आता त्या आकड्याबद्दल. गेम खेळताना कोपऱ्यात पिंग ४५, पिंग १२० असं दिसतं ना? ते मिलिसेकंद, जाऊन-येऊन लागलेला वेळ. हा आकडा खोटं बोलू शकत नाही असं एक कारण आहे: प्रकाश. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे १२,५०० किलोमीटर. म्हणजे एका बाजूने साठ-बासष्ट मिलिसेकंद, जाऊन-येऊन सव्वाशे. याच्या खाली कोणीही जाऊ शकत नाही, कितीही महाग प्लॅन घ्या. केबल समुद्रातून वळसे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात बरंच जास्त लागतं. एखादी अमेरिकन वेबसाइट तुम्हाला ५ मिलिसेकंदांत उत्तर देत असेल तर समजायचं, उत्तर देणारं मशीन अमेरिकेत नाहीच. तुमच्याच शहरात किंवा आसपास कुठेतरी बसलंय.

वेळ म्हणजे अंतर, यावरून एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ट्रे हॅरिस नावाच्या ॲडमिनने २००२ मध्ये तो सांगितला. तो एका विद्यापीठाचं ईमेल सांभाळत होता. एक दिवस संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला: आमच्या विभागातून ५०० मैलांपलीकडे ईमेल जात नाही. हॅरिसला हसावं की रडावं कळेना. ईमेल असं काम करतच नाही, अंतराचा काय संबंध? पण समोर संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी काही दिवस माहिती गोळा केली होती, नकाशासकट. हॅरिसने स्वतः मेल पाठवून बघितले. न्यूयॉर्क, ४२० मैल: गेला. प्रॉव्हिडन्स, ५८० मैल: नाही गेला.

कारण असं निघालं की कोणीतरी बाहेरून येऊन सर्व्हर अपग्रेड केला होता. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर मेलचा प्रोग्राम मात्र जुन्या आवृत्तीवर गेला. जुन्याला नवी सेटिंगची फाइल नीट वाचता येईना, त्यामुळे समोरच्याची वाट किती वेळ बघायची ही किंमत शून्य धरली गेली. शून्य म्हणजे त्या मशीनवर प्रत्यक्षात साधारण तीन मिलिसेकंद. तेवढ्यात समोरून उत्तर नाही आलं तर सोडून द्यायचं. तीन मिलिसेकंदांत प्रकाश किती जातो? सुमारे ५५८ मैल. हॅरिसने सांगताना काही तपशील बदलल्याचं स्वतःच कबूल केलंय. पण मला यातला आवडणारा माणूस म्हणजे तो विभागप्रमुख. त्याला नेटवर्कमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्याने जे दिसलं ते नीट मोजून सांगितलं. आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

पिंगची अडचण अशी की ते फक्त आहे किंवा नाही एवढंच सांगतं. नाही, तर रस्त्यात कुठे अडकलं? यासाठीचं हत्यार पाच वर्षांनी आलं.

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग एकदम कोसळला. सेकंदाला ३२ हजार बिट जायचे, तिथे ४० बिट. चाळीस हजार नव्हे, चाळीस! आणि अंतर किती, तर ४०० यार्ड. चालत जाऊन कागद दिला असता तरी लवकर पोचला असता. व्हॅन जेकबसन तिथे काम करायचे. ते या कोड्याच्या मागे लागले. गर्दी झाल्यावर प्रत्येक मशीन घाबरून तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत होतं, त्याने गर्दी आणखी वाढत होती. टोल नाक्यावर सगळ्यांनी एकदम गाड्या घुसवल्यावर जे होतं तेच. १९८८ मध्ये त्यांनी यावरचा उपाय प्रसिद्ध केला. गर्दी दिसली की प्रत्येकाने आपणहून हळू व्हायचं. आजचं इंटरनेट कोलमडत नाही, त्यात या उपायाचा मोठा वाटा आहे.

याच जेकबसन यांनी ट्रेसराऊट लिहिलं. कल्पना स्टीव्ह डीअरिंग यांनी सुचवलेली. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो, टीटीएल. प्रत्येक थांब्यावर तो एकाने कमी होतो. शून्य झाला की तो थांबा पाकीट फेकून देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतो. पाकिटं गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून ही सोय. जेकबसन यांनी ती उलटी वापरली. समजा तुम्हाला नाशिकच्या एसटीचे सगळे थांबे शोधायचेत. एका पोराला एकाच थांब्याचं तिकीट देऊन बसवा. कंडक्टर पहिल्या थांब्यावर उतरवेल, तिथून तो फोन करेल. दुसऱ्याला दोन थांब्यांचं, तिसऱ्याला तीन. प्रत्येक जण जिथे उतरवला तिथून फोन करणार. झाला पूर्ण रस्ता तयार! आणि एखाद्या थांब्यापलीकडून फोन यायचेच बंद झाले, तर शोध तिथून पुढे सुरू करायचा.

ट्रेसराऊटच्या मूळ कोडमध्ये जेकबसन यांची टीप आहे, खाली तारीख आणि वेळ: २० डिसेंबर १९८८, पहाटे ३ वाजून ५० मिनिटं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्वतः ऑन-कॉल होतो आणि घड्याळात पावणेचार. एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

आता गोष्टीतला वाईट भाग.

सुरुवातीचं इंटरनेट हे गावासारखं होतं. कोणी हाक मारली की ओ द्यायची. मग शहर झालं आणि चोर आले. १९९६-९७ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की नियमापेक्षा मोठं, म्हणजे ६५,५३५ बाइटच्या वरचं पिंग तुकडे करून पाठवलं, तर ते जोडताना कित्येक मशीन जागेवर कोसळतात. याला 'पिंग ऑफ डेथ' नाव पडलं. मग स्मर्फ हल्ले आले. दुसऱ्याच्या नावाने एका मोठ्या नेटवर्कला हाक मारायची आणि सगळ्यांची ओ एकदम त्या बिचाऱ्यावर जाऊन आदळायची. कंपन्यांनी वैतागून फायरवॉलवर पिंगच बंद करायला सुरुवात केली. ओ द्यायचीच नाही. आजही अनेक ठिकाणी तसं आहे.

म्हणजे काय झालं बघा. म्यूसच्या वेळी शांततेचा एक अर्थ होता: काहीतरी बिघडलंय. आता दोन झाले. एक तर समोरचा मेलाय, किंवा जिवंत आहे पण हाकेला ओ देत नाही. आणि स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखेच दिसतात.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलंही असतं.

माझी पहिली नोकरी, दुसरं वर्ष. कंपनीचं नाव सांगत नाही. रात्री दोनला अलार्म आला, क्लायंटची साइट उघडत नाही. मी झोपेतून उठलो, लॅपटॉप उघडला, सर्व्हरला पिंग मारला. दहापैकी दहा पाकिटं गेली ती गेलीच. कॉन्फरन्स कॉलवर सात-आठ जण जमले होते. मी सांगितलं, सर्व्हर नेटवर्कवर नाहीये. तिकिटात लिहिलं, लिंक तपासा. लॉगिन करून बघितलं का? नाही. साइटच्या पोर्टवर काही येतंय का बघितलं? नाही. ट्रेसराऊट? नाही. नाडी लागत नाही म्हटल्यावर छातीला कान कोण लावतो!

डेटा सेंटर दुसऱ्या शहरात. तिथे रात्रीला एक कंत्राटी टेक्निशियन होते, चाळिशीचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते त्या रात्री घरी होते. त्यांना फोन केला. बाइक काढून अर्ध्या तासात पोचले. केबल बघितली, पोर्टचे दिवे बघितले. म्हणाले, "सर, लिंक तर दिसतेय." मी म्हटलं, "दादा, पिंग येत नाहीये. केबल बदला." त्यांनी बदलली. आणि चार-पाच मिनिटांत साइट चालू झाली.

कॉलवर सगळे खूश. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट गेला: सदोष केबल, देखभालीत हयगय. केबलची जबाबदारी दादांच्या एजन्सीची.

तिसऱ्या दिवशी दुपारी कशासाठी तरी मी त्याच सर्व्हरला पुन्हा पिंग मारला. काहीच नाही. दहापैकी दहा गायब. शेजारच्या टॅबमध्ये साइट मस्त चालू. मी बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत बसलो.

मग शोधलं. आठवडाभर आधी फायरवॉलच्या एका बदलात पिंग बंद केलं गेलं होतं. सर्व्हर त्या रात्री नेटवर्कवरून गेलाच नव्हता. त्याची डिस्क लॉगने भरली होती, त्यामुळे साइट अडकली होती. डेटाबेस टीममधला एक जण कॉलवर न बोलता थेट सर्व्हरवर लॉगिन झाला होता. त्याने मोठी लॉग फाइल उडवली, तरी जागा मोकळी होईना. फाइल डिलीट केली तरी चालू प्रोग्रामने ती धरून ठेवलेली असते, तोवर डिस्कवरची जागा सुटत नाही, हे तुम्हाला कधीतरी कामी येईल. मग त्याने ती सर्व्हिस रीस्टार्ट केली. जागा सुटली, साइट चालू. दादा केबल बदलत होते तेव्हाच. हे त्याने त्याच्या शिफ्टच्या नोंदीत एका ओळीत लिहिलं होतं. ती ओळ आमच्यापैकी कोणीच वाचली नव्हती.

मी टीम लीडला सांगितलं. तो म्हणाला, "अरे, क्लायंटकडे रिपोर्ट गेलाय. आता कशाला उकरतोस?" मी तरी मेल टाकला. दोन आठवड्यांनी रिपोर्टची दुसरी आवृत्ती निघाली, त्यातून केबल गेली.

दादांना फोन केला. माफी मागितली. ते म्हणाले, "सर, केबल चांगली होती. मी बघितली होती ना. तुम्ही सांगितलंत म्हणून बदलली." मग जरा थांबून म्हणाले, "एजन्सीचा मेमो फाइलला लागलाय, राहू द्या आता." मी म्हटलं, दुसरा रिपोर्ट पाठवतो, तो त्यांना दाखवा. "पाठवा," म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्यूस २० नोव्हेंबर २००० रोजी रस्ता अपघातात गेला. बेचाळीस वर्षांचा होता. पिंगची हकीगत सांगणारं त्याचं पान बराच काळ इंटरनेटवर होतं, आणि ते वाचताना आता माझी नजर दरवेळी त्याच एका वाक्यावर जाते. त्याला ते वगळता आलं असतं. नेटवर्क बिघडलं, मी रात्रभर जागून पिंग लिहिलं, सकाळी सगळं चालू झालं. यातला प्रत्येक शब्द खरा ठरला असता आणि वाचणाऱ्याने बाकीचं स्वतःच जुळवून घेतलं असतं. आमच्या रिपोर्टमध्येही तेच होतं. साइट बंद पडली, केबल बदलली, साइट चालू झाली. म्यूसने मात्र मध्ये केनेडीचं नाव लिहून ठेवलंय.

अजूनही काही बंद पडलं की मी आधी पिंगच मारतो. ओ आली तर बरं. नाही आली तर लॉगिन करून बघतो, पोर्ट तपासतो, ट्रेसराऊट लावतो, डिस्क बघतो. तिकिटात "सर्व्हर डाऊन" असं लिहीत नाही. "पिंगला उत्तर नाही" एवढंच लिहितो, आणि जागेवर असलेल्या माणसाला विचारतो, तुम्हाला काय दिसतंय.

पुढच्या भागात ग्रेप. तीही अशीच घाईघाईत जन्मलेली कमांड आहे. तुमच्या ऑन-कॉलच्या गोष्टी असतील तर पाठवा, कंपनीचं नाव न घेता. भेटू!